जुनेर आणि गोधडी

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या सभागृहात जुन्या संसारोपयोगी वस्तूंचे एक छोटेसे प्रदर्शन मांडावे असे ठरले, तेव्हा सभासदांच्या घरांतून पाटा-वरवंटा, विळी, पितळी डबे, अडकित्ते, देव्हाऱ्यातील समया अशा वस्तू भराभर जमा झाल्या. मांडणी संपत आली असता मंडळाच्या स्थापनेपासूनच्या एक ज्येष्ठ सभासद काकू एक गाठोडे घेऊन आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "ही ठेवली तर चालेल का हो? फाटकीच आहे." गाठोड्यात गोधडी होती. एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली, दोरा कुजून जागोजागी सुटलेली. कार्यकारिणीतील कोणी तरी हलक्या आवाजात म्हणाले, "समयांच्या शेजारी चिंध्या कशा दिसतील?" ते वाक्य काकूंच्या कानी गेले की नाही, ठाऊक नाही. आमच्या कानी मात्र गेले, आणि ते मनाला लागण्याचे कारण आमच्या स्वतःच्या घरात होते. ते पुढे ओघाने येईलच.

घरात असेल तेवढ्याच कापडाची, घरातल्याच सुईदोऱ्याने शिवलेली ही वस्तू आपल्या इतिहासलेखनातून जवळजवळ वगळली गेली आहे. पैठणीवर ग्रंथ झाले, शालूवर झाले, हिमरूवर झाले. गोधडीवर लिहावयाचे तर साधन कोणते? पैठणी पेटीत राहते, म्हणून ती दोनशे वर्षे टिकते. गोधडी रोज अंगाखाली अथवा अंगावर असते, नदीच्या दगडावर आपटली जाते, आणि झिजली म्हणजे नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जाते. स्वतःचा पुरावा स्वतःच खाऊन टाकणारी अशी दुसरी वस्तू संसारात क्वचितच सापडेल. संग्रहालयांत जुनी गोधडी दिसत नाही, त्याचे अर्धे कारण हे आहे. उरलेले अर्धे कारण म्हणजे तिला चिंध्या समजणारी आपली दृष्टी.

नव्या पिढीतील वाचकांसाठी प्रथम तिच्या घडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. गोधडीचे मुख्य द्रव्य म्हणजे जुनेर, अर्थात नेसून नेसून विरलेले सुती लुगडे. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार समान तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले की एका मोठ्या गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात. हिशेब असा सोपा आहे. परंतु लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. कासोट्याचा आणि बसण्या-उठण्याचा भाग आधी विरतो, पदर व काठ मागाहून. म्हणून व्यवहारात दोन लुगड्यांतून एका गोधडीपुरते धड कापड हाती येई, आणि विरलेला भाग पोटात जाई. त्याच पोटात धोतरे, उपरणी, सदरे, परकर, मुलांच्या चड्ड्या, क्वचित पिठाची पिशवीही उसवून सपाट करून घालीत. बटणे आधी काढून डबीत ठेवायची, शिवणी उसवायच्या, नेफे सोडवायचे. या तयारीलाच दोन-चार दुपारी जात.

नंतर सारवलेल्या जमिनीवर खालचा पदर अंथरायचा, त्यावर भर बसवायची, वरचा पदर घालायचा आणि तळहाताने सुरकुत्या काढून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेला तांब्या असे काहीतरी वजन ठेवायचे. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर जागी धरायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालीत चौकोनामागून चौकोन आत सरकत मध्यावर यायचे. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरके. पण प्रत्येकीचा टाका वेगळा असल्यामुळे जाणती बाई पाहताक्षणी सांगे की ही बाजू थोरलीची आणि ही धाकटीची. हे काम उन्हाळ्यातील दुपारचे. शेतीची कामे थांबलेली असत, आणि पावसाळ्यापूर्वी पांघरुणे तयार हवी असत. धुण्याचा मोठा सोहळा नवरात्रापूर्वीचा. त्या दिवसांत नदीकाठ गोधड्यांनी रंगीत होऊन जाई.

नवे कापड का नको, याचे कारण केवळ काटकसर हे नव्हे. नव्या कापडात खळ असते, पीळ ताठ असतो. पाच-सात थर झाले की सुई अडते, बोटाला घट्टे पडतात. शंभर वेळा धुतलेल्या कापडातून सुई सहज जाते. शिवाय मऊ थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि ऊब तीच देते. तान्ह्या बाळाचे पहिले दुपटे जुन्या लुगड्याचेच करावयाचे, या रूढीला कोणी दृष्टीचे कारण देतात, कोणी आयुष्याचे. बाळाच्या कातडीला दुसरे कापड सोसतच नसे, हे आम्हांस अधिक पटते.

आता थोडे मागे जाऊ. जुन्या वस्त्राचा शेवटपर्यंत उपयोग करण्याची रीत या देशात किती जुनी असावी? विनयपिटकात कौशांबीचा राजा उदयन आणि बुद्धाचा शिष्य आनंद यांची एक कथा आहे. उदयनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्षू काय दुकान मांडणार, असे मनात येऊन राजाने त्याला विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. आणि ती जीर्ण चीवरे? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुनी आच्छादने? गाद्यांचे अभ्रे. जुने अभ्रे? जमिनीवरची बिछायत. जुनी बिछायत? पायपुसणी. जुनी पायपुसणी? फडकी. आणि जुनी फडकी? ती कुटून चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. संघाच्या शिस्तीची म्हणून ही कथा सांगतात. आम्हांस ती वाचताना आमच्या आजीच्या स्वयंपाकघराची आठवण होते. तिथला हिशेब याहून एक पायरीही कमी नव्हता.

संस्कृतातील 'कंथा' म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र अथवा पांघरूण. नाथपंथी जोगी आणि संन्यासी यांच्या वेषात ती आहे, आणि मराठीतही हा शब्द त्याच अर्थाने राहिला. आमचे सध्याचे वास्तव्य ज्या दामोदर नदीच्या काठी आहे, त्या वंगभूमीत तोच शब्द 'कांथा' होऊन घराघरांत नांदतो आहे. कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृता'त सनातन गोस्वामींची हकिकत येते. गौडच्या सुलतानाचे मोठे पद सोडून ते काशीस चैतन्यांकडे आले, तेव्हा अंगावर वाटेत मेहुण्याने दिलेले एक किमती भोट कांबळे होते. चैतन्यांची नजर वारंवार त्या कांबळ्याकडे जाते हे त्यांच्या ध्यानी आले. ते गंगेवर गेले. तिथे एक गौडीय बैरागी आपली कांथा धुऊन वाळवीत होता. सनातनांनी त्याला कांबळे दिले आणि त्याची फाटकी कांथा घेतली. तो बिचारा थट्टाच समजला होता! आपल्याकडे याच वळणाचे उदाहरण पाहावयाचे तर गाडगेमहाराजांचे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले हे सत्पुरुष ठिगळांचे वस्त्र पांघरून गावोगाव हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

मात्र साधूची कंथा आणि संसारी बाईची गोधडी यांत एक भेद आहे. साधूने चिंध्या स्वखुशीने पत्करलेल्या असतात, म्हणून त्यांची नोंद ग्रंथात होते. बाईने त्या निरुपायाने जोडलेल्या असतात, म्हणून त्यांची होत नाही.

नावांचाच विचार केला तरी ही वस्तू किती दूरवर पसरली आहे हे दिसते. आपल्याकडे गोधडी, वाकळ, दुपटे, हिंदी मुलखात गुदडी आणि कथरी, बिहारात सुजनी, सिंध-राजस्थानकडे रल्ली, कर्नाटकात कौदी. उत्तर कानडा जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तेथून निसटून ते घाटावर आले. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात ती कडेकडून मध्याकडे, आपल्या गोधडीसारखीच. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाची तिकोनी घडी टाचतात, तिला 'फूल' म्हणतात. फुलाशिवाय कवंदी उघडी-नागडी दिसते, असे त्यांचे म्हणणे.

बंगालच्या कांथेचे भाग्य यांत थोर. साडीच्या काठातून उसवून काढलेल्या रंगीत धाग्याने तिच्यावर कमळे, रथ, हत्ती, पालख्या उमटल्या, म्हणून विद्वानांची दृष्टी तिच्याकडे वळली. गुरुसदय दत्त यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कांथा कलकत्त्याजवळ जोका येथील संग्रहालयात आहेत. स्टेला क्रामरिश यांचा कांथेवरील निबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. कवी जसीमुद्दीन यांचे 'नक्शी काँथार माठ' हे काव्य त्याच्याही दहा वर्षे आधीचे. पुढे २००८ साली नक्शी कांथेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या गोधडीवर चित्र नाही. तिच्यावर फक्त टाके आहेत. आता विचार केला तर गमतीचे वाटते की १७४२ ते १७५१ या काळात आपल्या घोडेस्वारांनी या प्रांतात जो धुमाकूळ घातला, त्याची भीती घालून बंगाली आया मुलांना निजवीत, ते याच कांथेवर. या मुलखातील आपली पहिली ओळख ती अशी!

गोधडीचा इतिहास कापडाच्या इतिहासाहून वेगळा काढता येत नाही. घरात जुनेर साठावयास आधी पुरेसे कापड घरात यावे लागते. हातमागाच्या काळात गरिबाच्या घरी वस्त्र अंगावरच संपत असे, आणि थंडीला घोंगडी असे. वाकळा आणि गोधड्या तेव्हाही होत्या; मोल्सवर्थच्या कोशात हे शब्द आहेत. परंतु घरटी चार-चार गोधड्यांची चळत दिसू लागली ती गिरणीचे कापड स्वस्त झाल्यावरच, असा आमचा तर्क आहे. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढण्याचा उपक्रम केला, आणि त्यापूर्वीच मँचेस्टरचे कापड बाजारात आले होते. त्या कापडाने विणकरांचे काय झाले, हे बंगाली वाचकांना सांगणारा लेखक मराठी होता, याचा आपल्या मंडळींना बहुधा विसर पडला आहे. देवघरजवळील करों गावी जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर यांचे 'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक १९०४ साली निघाले, आणि १९१० साली सरकारने ते जप्त केले. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे गांधीजींच्या हस्ते मोठी होळी पेटली. लोक उघडे असताना कापड जाळणे योग्य नाही, असे रवींद्रनाथांनी त्या वेळी स्पष्टपणे सांगितले होते. या वादाचा एक निकाल घराघरांत कसा लागला असेल, त्याचा दाखला आम्हांस अनपेक्षितपणे मिळाला.

काकूंची गोधडी तशीच काचेत ठेवावी असे आमचे मत होते. त्यांनी ते ऐकले नाही. "दोरा कुजलाय. उसवून पुन्हा शिवायला नको का?" असे म्हणून त्यांनी स्वतःच कात्री घेतली. सभागृहात सतरंजी अंथरून आम्ही पाच-सहाजण भोवती बसलो. वरचा पदर जांभळ्या इरकलीचा निघाला. ते काकूंचे लग्नानंतरचे लुगडे. त्याखाली यजमानांची दोन धोतरे, एक पांढरा सदरा आणि कारखान्यातील खाकी गणवेशाची पाटलोण उसवून घातलेली. त्याखाली सर्वांना वाटले अस्तर लागेल. तर तिथे दुसरी गोधडी होती! तिचा पदर काळ्या चंद्रकळेचा. "सासूबाईंची," काकू म्हणाल्या. ती वर पांघरण्याजोगी राहिली नाही, म्हणून आत गेली. चंद्रकळेखाली जाडेभरडे मांजरपाट होते, लढाईच्या काळातले. १९४३ च्या जूनमध्ये सरकारने कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणले, आणि पुढे रेशनवर मोजून कापड मिळू लागले. त्या वर्षांत सासूबाईंनी घरातील पडदेही गोधडीत घातल्याचे काकूंनी ऐकले होते.

आणि त्या मांजरपाटाच्याही आत, हातभर लांबीरुंदीचा, आणखी जुन्या गोधडीचा एक तुकडा सापडला. त्याच्या दोन विटक्या पदरांमध्ये अतिशय बारीक पोताची मलमल होती, बोटांना जाणवणारही नाही अशी. काकू बराच वेळ तिच्यावरून हात फिरवीत राहिल्या. मग त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या आजेसासऱ्यांनी साताऱ्याकडील आपल्या गावी घरातील सारे विलायती कापड होळीसाठी बाहेर काढावयास लावले. आजेसासूबाईंनी शालजोड्या दिल्या, कोट दिले. पण माहेरहून आलेली बाळंतपणातली मलमल त्यांनी दिली नाही, आणि ठेवलीही नाही. रातोरात दोन पदरांत घालून शिवून टाकली. नवऱ्याचा शब्द मोडला नाही, कारण विलायती वस्त्र पुन्हा घरात कोणी नेसले नाही. कापडही जळले नाही. "सासूबाई सांगायच्या. आम्हांला वाटायचे, गोष्टच असेल," काकू म्हणाल्या. त्या वर्षीच्या होळीची वर्णने आम्ही अनेक वाचली आहेत. घरच्या बाईने काय वाचविले, हे मात्र त्यांपैकी एकातही वाचल्याचे आठवत नाही.

आता आमची गोष्ट. नागपूरहून या बाजूस येणारी रेल्वे १८९१ पासून आसनसोलपर्यंत धावू लागली, आणि तेव्हापासून नोकरीसाठी या मुलखात उतरलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या वळकटीत गोधडी असे. आमच्याही होती, एक नव्हे, तीन होत्या, आईने शिवलेल्या. येथे आल्यावर तीन-चार वर्षांनी क्वार्टर बदलण्याची वेळ आली. सामान कमी करावयाचे होते. दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली, आणि तिन्ही गोधड्यांच्या बदल्यात आम्ही झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला. घासाघीस केल्याचेही आठवते. पुढल्या उन्हाळ्यात आई येथे आली, तिने अंथरुणे पाहिली, आणि विचारले काहीच नाही. डबा अजून घरात आहे.

हे केवळ आमच्याच घरी घडले असते तर ते येथे लिहिण्याचे कारण नव्हते. पुण्या-मुंबईची बोहारीण आणि इकडची बासनवाली यांनी त्या दशकांत सबंध देशातील जुनेर घराबाहेर नेले. पितळेची जागा स्टीलने घेतली आणि स्टीलची किंमत जुन्या कपड्यांत मोजली जाऊ लागली. त्याच सुमारास टेरिलीन, टेरिकॉट आणि नायलॉन आले. ते विरत नाही, घाम टिपत नाही, त्यातून सुई घसरते. गोधडीत घातले तर थर एकमेकांवरून सरकतात. नऊवारीची सहावारी झाली, तेव्हा एका लुगड्यातून निघणारे कापड तिसऱ्या हिश्शाने घटले. गिरणीची ब्लँकेटे आणि मागाहून दुकानातील रजया आल्या. गोधडी शिवण्याची कला लोपली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मते आधी तिचे साहित्य संपले, आणि हात रिकामे झाले ते त्यानंतर. आज शहरांतून गोधड्या विकत मिळतात, चांगल्या मिळतात, काही खेड्यांतील स्त्रियांना त्यातून चार पैसेही मिळतात. त्याविषयी आमची तक्रार नाही. फक्त नवे कापड आणून त्याचे तुकडे करावयाचे आणि ते पुन्हा जोडावयाचे, हे पाहून आमच्या आजीला हसू आले असते.

काकूंची गोधडी पुन्हा शिवावयाची तर दोन बाजूंचे कापड हवे होते, आणि ते विकत आणावयाचे नाही, अशी काकूंची अट. मंडळातील कुटुंबांना कपाटे उघडावयास सांगितले. पहिल्या आठवड्यात जे आले त्यात सुती असे फारच थोडे. एकीने वडिलांचे शेवटचे धोतर दिले. एकाने आईचा घरी नेसायचा पातळाचा अर्धा भाग आणला. उरलेला अर्धा त्याने ठेवून घेतला, आणि आम्ही मागितलाही नाही. दोन सुती पंचे आले, एक परकर आला, मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवातील मखराचा पडदा आला. तरी वरची बाजू अपुरीच होती. ती शेजारच्या बंगाली बाईंनी पूर्ण केली. त्यांच्या सासूबाईंची ताँतची साडी, लाल काठाची, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. त्यांनी ती स्वतः आणून दिली आणि टाके घालावयास त्या रविवारी येऊन बसूही लागल्या. त्यांचा टाका काकूंच्या टाक्याहून बारीक आहे. काकूंना ते फारसे रुचलेले नाही.

मलमलीच्या तुकड्यावरून मात्र थोडा वाद झाला. तो वेगळा ठेवावा, खाली चिठ्ठी लावावी, पाहुण्यांना पाहता यावा, असे आम्ही सुचविले. काकूंनी तो होता तसाच, त्याच्या दोन विटक्या पदरांसह, मांजरपाटात आणि चंद्रकळेत घालून मध्यावर बसविला. त्यावर आता ताँतची साडी आली आहे. प्रदर्शनात गोधडी समयांच्या शेजारी ठेवली जाईल. टाके कडेपासून आत सरकत आले आहेत. मध्यावरची वीतभर जागा अजून शिवावयाची आहे. काम दर रविवारी दुपारी चार वाजता सभागृहात चालते. येताना आपली सुई आणावी, आणि घरी असेल तर जाड सुती दोरा.